तुझं वाईट दिवसाचं टायमिंग किती?

गेवराई तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय: "मॅडम, पोलीस भरतीची तयारी जूनपासून चालू आहे. तेव्हा 800 मीटरला 3 मिनिटं 50 सेकंद लागायचे. जुलैच्या शेवटी 3:27 आलं आणि ऑगस्टअखेर एकदा 3:04. त्या दिवशी ढगाळ होतं, आदल्या दिवशी पावसामुळं सराव बुडाला होता आणि माझ्या पुढं अकॅडमीतली एक मुलगी पळत होती. त्यानंतर मात्र 3:10 ते 3:18 च्या मध्येच घुटमळतेय. नवरात्रात नऊ दिवस उपवास होते, दसऱ्यानंतर तर 3:21 लागले. गोळा 5 मीटरच्या पुढं सरकत नाही. वजन कधी 49 किलो, कधी साडेपन्नास. सध्या घरच्या कापसाची वेचणी आहे. भाऊ म्हणतो तुझ्यात दमच नाही, संध्याकाळी पण पळत जा. माझी मेहनत वाया चालली आहे का? संध्याकाळचं पळणं सुरू करू का?"

आधी सरळ उत्तर देते. संध्याकाळचं पळणं सुरू करू नकोस. वेचणी उरकेपर्यंत चाचणीही देऊ नकोस. आणि या आठवड्यात रक्त तपासून घे. आता सविस्तर सांगते, कारण दसरा-दिवाळीच्या सुमारास हा प्रश्न दरवर्षी आमच्या मैदानावरही येतो. आकडे तेवढे वेगळे असतात.

तुझे आकडे मी एकाखाली एक लिहून काढले. जुलैतलं तुझं सगळ्यात चांगलं टायमिंग 3:27. दसऱ्यानंतरचं सगळ्यात वाईट 3:21. म्हणजे नऊ दिवसांच्या उपवासानं उतरलेली आणि वेचणीनं कंबर धरलेली आजची तू, जुलैतल्या धडधाकट तुझ्यापेक्षा 6 सेकंद पुढं आहेस. हे तुझ्या नजरेतून सुटलं, कारण तू प्रत्येक चाचणी त्या 3:04 शी ताडून बघतेस.

टायमिंग हा कुणाचाच एक आकडा नसतो, पट्टा असतो. तुझा सध्याचा पट्टा 3:04 ते 3:21 आहे. ऑगस्टच्या त्या दिवशी ऊन नव्हतं, पाय एक दिवस आपोआप विसावलेले होते आणि पाठलाग करायला पुढं कुणीतरी होतं. सगळं एकदम जुळून आलं, म्हणून पट्ट्याचं चांगलं टोक दिसलं. असा दिवस आला की त्याच्यानंतरचे दिवस त्याहून हळूच असायचे. त्यात अपयश काही नाही, साधा हिशोब आहे. सगळ्यात उत्तम दिवसानंतर येणारा दिवस बहुतेक वेळा सरासरीकडंच झुकतो.

म्हणून मी पोरींना वहीत दोन रकाने करायला लावते. एकात महिन्याचं सगळ्यात चांगलं टायमिंग, दुसऱ्यात सगळ्यात वाईट. चांगल्याचा रकाना कधीकधी तीन-तीन महिने हलत नाही. पण वाईटाचा रकाना खाली येत असला तर मी निर्धास्त असते. भरतीत मैदानावर चेस्ट नंबर मिळतो, दिवस निवडायला मिळत नाही. 2022-23 च्या भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, जानेवारीच्या थंडीत सुरू झालं होतं, त्याच्या पुढच्या भरतीचं 19 जून 2024 ला, म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. तुझी पाळी, सर्दी, रात्रीचा एसटीचा प्रवास, काय नशिबी येईल सांगता येत नाही. त्या दिवशी 50 पैकी गुण मिळतात ते पट्ट्याच्या मागच्या टोकावर. 800 मीटरला 20, 100 मीटरला 15 आणि गोळ्याला 15. मेरिटचा हिशोब करायचा तर 3:04 धरून करू नकोस, 3:21 धरून कर. मग कळेल की सराव कशासाठी करायचाय.

आपल्याच बीड जिल्ह्यातला दाखला देते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, पळतो. 2022 च्या जूनमध्ये रबातला त्यानं 8:12.48 वेळ दिली, राष्ट्रीय विक्रम. जुलैत जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तोच 8:31.75 ला पोचला, अकरावा आला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20, पुन्हा राष्ट्रीय विक्रम आणि रौप्यपदक. दोन महिन्यांत 20 सेकंदांची वर-खाली. जुलैची ती शर्यत मुळातच संथ झाली होती, पहिला आलेला धावपटूसुद्धा 8:25 ला पोचला. त्यामुळं त्या आकड्यावरून "साबळेचा दम गेला" असं कुणी म्हणालं असतं तर त्याला पळण्यातलं काही कळत नाही एवढंच सिद्ध झालं असतं. पुढच्या वर्षी बुडापेस्टला त्याला अंतिम फेरीही गाठता आली नाही आणि दीड महिन्यानं हांगझोऊला आशियाई सुवर्ण मिळालं, तेही 8:19.50 मध्ये, स्वतःच्या विक्रमापेक्षा 8 सेकंद हळू पळून. मग जुलै 2024 मध्ये पॅरिसला 8:09.91. त्याच्याकडं प्रशिक्षक, फिजिओ, डॉक्टर, सगळं असून आलेख असा आहे. तू वेचणी करून पळतेस.

आता पहिले तीन महिने टायमिंग धडाधड का उतरलं आणि मग का अडलं, ते. पळायला लागल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं. त्याच काळात मेंदू आणि स्नायूंचं आपसात जुळतं, पाय कुठं टाकायचा, खांदे कसे सैल ठेवायचे, पहिल्या राऊंडला किती पळायचं हे कळतं. ही कमाई झटपट होते आणि बहुतेक नव्या पोरींची तिथंच होते. पुढची कमाई संथ. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होणं, पेशींतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ताकद तयार करणारे बारीक कारखाने, वाढणं ही कामं आठवड्यांनी, महिन्यांनी मोजायची. स्नायुबंध आणि हाडं तर त्याहून सावकाश तयार होतात. फुप्फुसाला दम आलेला असतो आणि नडगीचं हाड अजून जूनमध्येच असतं. म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यात नडगी दुखायच्या तक्रारी सुरू होतात, आणि नेमकं तेव्हाच पोरी घाबरून सराव दुप्पट करतात.

संध्याकाळचं पळणं का नको ते यातच आलं. विहिरीवर दुसरी मोटार बसवली म्हणून झरे वाढत नाहीत. शरीर पळताना सुधारत नाही, पळून झाल्यावर झोपेत आणि जेवणात सुधारतं. तुझी पहाट मैदानावर जाते, दिवस रानात जातो. संध्याकाळी आणखी एक फेरी टाकलीस तर झरा पाझरणार कधी?

वेचणीचं जरा जास्त बोलते, कारण तू ते एका ओळीत उरकलंयस. "सध्या वेचणी आहे." जसं काही त्याचा पळण्याशी संबंधच नाही. कमरेला ओटी बांधून बाई पऱ्हाटीत शिरली की सात-आठ तास कमरेत वाकलेली असते. ओटी भरत जाते तसा भार पुढं येतो, पाठ आणि मांड्यांच्या मागच्या शिरा ताणलेल्याच राहतात. दुपारी ऊन डोक्यावर, पाण्याची बाटली बांधावर, आणि आपण दुसऱ्या टोकाला. ऑक्टोबरचं ऊन पावसाळ्यानंतर एकदम अंगावर येतं, शरीराला त्याची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात. संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन घरी. ही मजुरीही आहे आणि व्यायामही. फरक इतकाच की हा व्यायाम तुझा वेग वाढवत नाही, थकवा मात्र पुरेपूर देतो. मांडीच्या मागचे स्नायू असे आखडलेले असले की पाऊल लांब पडत नाही, आणि 800 ला पाऊल चार बोटं आखूड पडलं तरी सेकंद वाढतात. वेचणीच्या दिवशी वहीत "वेचणी, दिवसभर" असं लिहीत जा. सराव म्हणूनच धर तो.

नवरात्राचं तसंच. उपवास धरू नको असं मी कुणाला सांगत नाही, घटी बसणाऱ्या घरात ते ऐकूनही घेतलं जात नाही. पण काय होतं ते माहीत असावं. भाकरी, भात, पोळी यातून येणारी साखर स्नायूंत साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणीही साठतं. नऊ दिवस एक वेळ साबुदाणा किंवा भगर खाऊन तो साठा अर्धवट राहतो. हळू पळायला तो पुरतो, 800 च्या शेवटच्या 300 मीटरला पुरत नाही. तिथं पाय शिशाचे झाले असं जे वाटलं, ते हेच. उपवासात मोकळं, बोलत बोलत पळता येईल इतकंच पळायचं, चाचणी द्यायची नाही. शेंगदाणे, दूध, राजगिरा, रताळं, केळी भरपूर घ्यायची. पारणं झालं की पोटभर जेवून, झोपून चार-सहा दिवसांत साठा भरतो. आमच्याकडं रोजे धरणाऱ्या मुली असतात, त्यांचं पळणं मी इफ्तारच्या आधी अर्धा तास ठेवते, म्हणजे लगेच पाणी-खजूर मिळतं. त्यांचं टायमिंगही त्या महिन्यात लांबतं, आणि त्यात झोप तुटल्याचा वाटा भुकेपेक्षा मोठा असतो. ईदनंतर आठ-दहा दिवसांनी गाडी रुळावर येते.

याच साठ्यातून तुझ्या वजनाचं कोडंही सुटतं. दीड किलो चरबी दोन दिवसांत चढत नाही आणि उतरतही नाही. ते पाणी आहे. साठा भरला की वजन वाढतं, लोणचं-पापड जास्त झालं की वाढतं, पाळीच्या आधी वाढतं. रविवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, एकदाच काटा बघ. रोज बघायचा असेल तर काटा शेजारणीला देऊन टाक.

मापाचं विचारायचं राहिलं. तुझे 800 मीटर कुठं मोजलेले आहेत? जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावरचा राऊंड 200 चाच असेल असं नाही, आणि मोटारसायकलच्या मीटरवर मोजलेलं रस्त्यावरचं अंतर 20 मीटर इकडं-तिकडं सहज होतं. तुझ्या वेगानं 20 मीटर म्हणजे जवळजवळ 5 सेकंद! एक चाचणी शाळेत, एक डांबरी रस्त्यावर, एक तालुक्याच्या मैदानावर, असं केलंस तर तुझी अर्धी वर-खाली मातीची आणि फितीची असेल, तुझी नसेल. पावसात काळी माती बुटाला चिकटली की एकेका बुटाचा गोळा होतो, त्या दिवशीचं टायमिंग वहीत लिहायचंच नाही. 30 मीटरची मोजपट्टी गावातल्या गवंड्याकडं असते. तिनं एकदा अंतर मोज, चुन्यानं खूण कर, आणि चाचणी कायम तिथंच, त्याच वेळेला, पंधरा दिवसांतून एकदा. भाऊ इतका बोलतोय तर घड्याळ धरायला त्यालाच उभा कर. प्रत्येक 200 ला किती झाले ते ओरडून सांगायचं, बाकी काही बोलायचं नाही.

रक्ताचं म्हणाले त्यावर येते, आणि माझ्या मते तुझ्या प्रश्नातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं. महाराष्ट्रात वयात आलेल्या निम्म्याहून जास्त मुली-बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. ते 12 च्या खाली असेल तर पळण्याचं वेळापत्रक कितीही भारी असो, टायमिंग एका जागी अडणार. अशी मुलगी पहिला राऊंड बरा पळते, दुसऱ्यात धाप लागते, जिना चढताना छातीत धडधडतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि घरचे म्हणतात आळशी आहे. पळणाऱ्या मुलीला लोहाची गरज इतरांपेक्षा जास्तच असते, कारण पाळीत जातं, घामातूनही थोडं जातं. पाळी जास्त जात असेल तर आणखी. सीबीसी ही रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजायची साधी तपासणी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. कमी निघालं तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. त्या घेताना पुढं-मागं तासभर चहा नको, चहानं लोह अंगात शिरत नाही. लिंबू, आवळा, पेरू बरोबर घेतलास तर जास्त शिरतं. शौचाला काळं होतं, घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि गोळी सुरू केली की आठवड्यात टायमिंग सुधारेल अशी आशा धरू नकोस. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, नवं रक्त भरायला दोन-तीन महिने लागतात. फरक हळूहळू दिसतो. गूळ-शेंगदाणे खाण्यात वाईट काही नाही, पण रक्त खरंच कमी असेल तर नुसत्या गुळानं भागत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडं गोळ्यांऐवजी गुळावर फार विश्वास आहे.

पाळीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून थोडं स्पष्ट. काही मुली पहिल्या दोन दिवसांत अजिबात पळू शकत नाहीत, काहींना पाळीच्या आधीचे चार दिवस जड जातात, काहींना काहीच फरक पडत नाही. सगळ्यांना लागू होईल असा नियम नाही. तुझा नियम तुझ्या वहीतून निघेल, तारखेपुढं एक फुली मारत जा. दोन-तीन महिन्यांत दिसेल की 3:18 कुठल्या आठवड्यात येतं. पण सराव वाढवल्यापासून पाळी तीन महिने आलीच नाही, तर मात्र सरळ डॉक्टरकडं जायचं. "बरं झालं, कटकट गेली" असं म्हणणाऱ्या पोरी मला भेटतात. त्याचा अर्थ पोटात जातंय त्यापेक्षा जास्त खर्च होतंय, आणि त्याची किंमत हाडं मोजतात.

गोळाफेकीची काळजी सोड. 4 किलोचा गोळा 5 मीटरवर अडतो तो बहुतेक वेळा हातानं फेकल्यामुळं. गोळा पायानं आणि कमरेनं फेकायचा असतो, हात फक्त शेवटी. आठवड्यातून दोनदा उठाबशा, पायऱ्या, जोर, आणि बाकी वेळ विनागोळ्याचं वळणं. वेचणीनं कंबर धरलेली असताना गोळ्याचा जोर करायचा नाही.

आता खरोखर मागं पडणं कसं ओळखायचं. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोज, पूर्ण मिनिट. नेहमी 64 असते आणि तीन-चार दिवस सलग 72-74 लागते, झोप उडालेली आहे, जेवण जात नाही, चिडचिड होतेय, तर शरीर विश्रांती मागतंय किंवा ताप येऊ घातलाय. तीन-चार दिवस पळणं बंद. पावसाळ्यानंतर आपल्याकडं डेंग्यू, चिकुनगुनियाची साथ असते. ताप उतरला की दुसऱ्या दिवशी मैदानावर हजर होणाऱ्या मुली मी परत पाठवते. चिकुनगुनियात तर सांधे कित्येक आठवडे दुखतात. नडगी दुखत असेल तर बोटानं दाबून बघ. सगळीकडं थोडं थोडं दुखतंय तर बर्फ, विश्रांती, कमी पळणं यानं बरं होईल. एका बोटाएवढ्या जागेवर कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला चीर असू शकते. तिथं मनाचा हिय्या करून पळणं म्हणजे पुढच्या भरतीवरही पाणी सोडणं.

"आठ दिवस सुटले तर केलेलं सगळं जाईल" ही भीती तुझ्या शब्दाशब्दांत दिसते. तसं होत नाही. पूर्ण बंद केलं तरी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दम थोडा उतरतो, आणि त्यातला बराचसा रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळं, जे परत लवकर भरतं. ताकद तर तीन-चार आठवडे जवळपास तशीच राहते. आपल्या जिल्ह्यात तर याचा पुरावा गावोगाव आहे. दिवाळी झाली की घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुली कारखान्याच्या फडातून उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तोवर पळणं शून्य, मोळ्या वाहणं मात्र रोज. आल्या आल्या त्यांचं टायमिंग बघून रडू येतं त्यांना. पण पहिल्यांदा जे कमवायला त्यांना चार महिने लागले होते, ते दुसऱ्यांदा दीड-दोन महिन्यांत परत येतं. एकदा तयार झालेला स्नायू पूर्ण कोरा होत नाही. खांद्यांत आणि पाठीत आलेली ताकद गोळ्याला उपयोगी पडते ती वेगळीच.

मुलींचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात भरतीचे, त्यावर रोज कुणाचं ना कुणाचं टायमिंग पडतं. त्यावर वाईट दिवस कुणीही टाकत नाही. पन्नास मुलींचे पन्नास चांगले दिवस एका जागी बघून आपला साधा मंगळवार त्यांच्याशी लावायचा, यात हरणं ठरलेलंच आहे. ग्रुप म्यूट कर, जाहिरातीपुरता ठेव.

आता पुढचे दिवस. वेचणी चालू आहे तोवर आठवड्यात चार दिवस पळायचं. त्यातले तीन दिवस मोकळं, 3 ते 4 किलोमीटर, शेजारणीशी गप्पा मारता येतील अशा वेगानं. हळू पळायची लाज वाटते पोरींना, पण दमाचा पाया याच पळण्यात भरतो. चौथ्या दिवशी, ज्याच्या आदल्या दिवशी वेचणी नसेल असा दिवस बघून, 200 मीटर सहा वेळा, प्रत्येक 46-47 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. सहावी फेरी पहिलीएवढ्याच वेळात आली पाहिजे. आली नाही तर पुढच्या वेळी पाचच. वेचणी संपली की दुसरा जोराचा दिवस वाढव, 400 मीटर तीन वेळा, मध्ये चार मिनिटं. तीन आठवडे असं केलं की चौथा आठवडा निम्म्यावर आण. या चौथ्या आठवड्यात पोरींना चैन पडत नाही, आणि चांगलं टायमिंग बऱ्याचदा त्याच्यानंतर येतं.

3:21 च्या शर्यतीत पहिला 200 किती सेकंदांत गेला ते तू लिहिलेलं नाहीस. माझा अंदाज आहे 40 च्या आत. पूर्ण 20 गुणांसाठी 800 मीटर 2:50 मध्ये लागतात, म्हणजे 200 ला साडेबेचाळीस. 3:00 साठी 45. तुझ्या पट्ट्यातली मुलगी पहिले 200 मीटर 39 मध्ये गेली की शेवटच्या 200 ला 58-60 लागतात. सगळे सेकंद तिथं जातात, आणि वाटतं दम नाही. पुढची चाचणी वेचणी संपल्यावर, पोटभर झोपलेल्या आठवड्यात दे. पहिला 200 चा टप्पा 46 च्या आत गेला तर तिथंच थांब आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दे. पुढचे तिन्ही टप्पे 46-48 मध्ये राहिले तरी 3:10 च्या आसपास येशील, आणि तेही न मरता.

रक्ताचा रिपोर्ट आला की हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) असे दोन आकडे कळव. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर वरच्या वेळापत्रकातला 200 चा दिवस सहा आठवडे काढून टाक, नुसतं मोकळं पळ, आणि गोळी कधी, कशी घ्यायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरव.